गजकर्णाचं औषध किती खोल जायला हवं?

प्रश्न : तासगाव तालुक्यात माझं मेडिकल दुकान आहे. टर्बिनाफिन, क्लोट्रिमॅझोल, ल्युलिकोनॅझोल, गजकर्णाच्या या सगळ्या औषधांवर एकच टक्का लिहिलेलं असतं. तरी क्रीम, जेल, लोशन आणि स्प्रे यांचा गुण वेगवेगळा येतो असं गिऱ्हाइकं सांगतात. द्राक्षबागेतले काही जण क्रीममध्ये स्पिरिट किंवा ऑनलाइन मागवलेलं डीएमएसओ नावाचं द्रावक मिसळून लावतात, औषध खोल जातं म्हणून. खरंच जातं का? आणि गेलं तर चांगलंच ना?

उत्तर : मी सांगलीत त्वचारोगांची प्रॅक्टिस करतो आणि या प्रश्नाशी रोज गाठ पडते. औषध खोल जातं, हे खरं. पण ‘गेलं तर चांगलंच ना’ यातच खरी गोम आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

गजकर्णाची बुरशी केराटिनवर जगते. केराटिन असतं त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरात, केसात आणि नखात. पोटावर, दंडावर, मांडीवर हा थर साधारण १० ते २० मायक्रॉनचा, म्हणजे फार तर मिलीमीटरचा पन्नासावा भाग. तळपायावर तोच शेकडो मायक्रॉन होतो. खाली जिवंत पेशी आहेत, त्याखाली रक्तवाहिन्या, आणि ही बुरशी सहसा तिथवर उतरत नाही. त्यामुळे लावलेल्या औषधाचं काम आहे ते त्या वरच्या थरात. तो ओलांडून जे रक्तात गेलं ते गजकर्णापुरतं वाया गेलं. गुडघ्याला लावायच्या डायक्लोफिनॅक जेलचं गणित उलटं आहे, त्याला खाली उतरायचंच असतं. दोन्ही ट्यूब दुकानात शेजारी असतात आणि ‘मुरेल तेवढं चांगलं’ हा समज एकीवरून दुसरीला चिकटतो.

तुमच्या गिऱ्हाइकांना हे समजावणं अवघड नाही. द्राक्षाच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो, नुसत्या पाण्याची फवारणी थेंब थेंब होऊन ओघळते, म्हणून बागायतदार टाकीत फवारा पानाला चिकटवणारं स्टिकर घालतो. स्पर्शजन्य बुरशीनाशक पानावर राहून काम करतं आणि आंतरप्रवाही पानात शिरून, हेही त्याला पाठ असतं. स्टिकर जास्त झालं तर पान करपतं, हे त्याने स्वतःच्या बागेत पाहिलेलं असतं. गजकर्णाचं मलम त्वचेवर स्पर्शजन्य औषधासारखं वागायला हवं आणि त्यातलं द्रावक म्हणजे त्याचं स्टिकर, एवढं सांगितलं की निम्मं काम होतं. भुरीवर मारतात ते हेक्झाकोनॅझोल आणि तुमच्या फळीवरचं क्लोट्रिमॅझोल एकाच अ‍ॅझोल घराण्यातले आहेत, हेही त्यांना सांगायला हरकत नाही. ऐकणारा लगेच सावरून बसतो.

आता तुमच्यासाठी थोडं खोलात. वरच्या थरात चपट्या, केराटिनने भरलेल्या मृत पेशी असतात आणि त्यांच्या फटींमध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व फॅटी अ‍ॅसिड यांची चरबी. त्वचेत शिरू पाहणाऱ्या रेणूला मुख्यतः या चरबीतूनच वाट काढावी लागते. रेणू लहान हवा. ५०० डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) पुढचे रेणू सहज जात नाहीत, असा ढोबळ नियम २००० साली मांडला गेला आणि तो बऱ्यापैकी टिकला आहे. टर्बिनाफिन २९१, क्लोट्रिमॅझोल ३४५, ल्युलिकोनॅझोल ३५४, मायकोनॅझोल ४१६ डाल्टनचं आहे. किटोकोनॅझोल ५३१ म्हणजे काठावर. अ‍ॅम्फोटेरिसिन ९२४ आहे, त्याचं नुसतं मलम करून भागत नाही. पहिली चार औषधं लहान आहेत आणि चरबीत चांगली विरघळतात. त्यामुळे ती वरच्या थरात शिरतात, पण खालच्या पाणीदार जिवंत थरात उतरायला त्यांचं मन होत नाही. टर्बिनाफिन तर केराटिनला घट्ट धरून बसतं. त्वचेवर लावलेल्या टर्बिनाफिनपैकी ५ टक्क्यांहून कमी शरीरात जातं. गजकर्णासाठी हा त्याचा मोठा गुण आहे. मग द्रावकाचं काम काय उरतं? पुष्कळ उरतं.

पहिली गोष्ट सुटण्याची. औषध द्रावकात नुसतं विरघळून चालत नाही, ते द्रावक सोडून त्वचेत यायला तयार हवं. फिक यांनी १८५५ मध्ये विसरणाचा नियम मांडला, हिगुची यांनी १९६० च्या सुमारास तो मलमांना लावून दाखवला. त्याचा व्यवहारातला अर्थ असा : औषध द्रावकात संपृक्ततेच्या, म्हणजे आणखी विरघळू शकणार नाही अशा अवस्थेच्या, जितकं जवळ, तितकी त्याची बाहेर पडण्याची ओढ जास्त. त्वचेत काही बदल न करणारी दोन वेगवेगळी द्रावकं घेतली आणि दोन्हींत औषध पूर्ण संपृक्त असेल, तर त्वचेत शिरण्याचा वेग जवळपास सारखाच येतो, मग एकात १ टक्का असो की दुसऱ्यात ५. उलट, ज्या द्रावकात औषध फार आरामात विरघळतं, तिथे ते आरामात राहतंही. पॉलिइथिलीन ग्लायकॉल ४०० हे याचं उत्तम उदाहरण. क्लोट्रिमॅझोलचं जुनं द्रावण याच द्रावकात असे. ते चांगलं विरघळवतं, पण स्वतः त्वचेत फारसं शिरत नाही. सायक्लोपिरॉक्स हे आणखी एक बुरशीचं औषध याच द्रावकात १ टक्का करून पाठीवर मोठ्या भागात लावलं आणि सहा तास झाकून ठेवलं, तेव्हा सरासरी १.३ टक्केच शरीरात गेलं. तेव्हा ट्यूबवरचा टक्का सांगतो की आत किती भरलंय. त्वचेला किती मिळेल हे सांगायची जबाबदारी बेसची, म्हणजे औषध ज्यात कालवलेलं असतं त्या द्रावकांच्या मिश्रणाची.

दुसरी गोष्ट लावल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांची, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. लोशन, स्प्रे आणि काही जेलमध्ये इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. लावल्याबरोबर ते उडायला लागतं. अंगावर उरलेल्या थेंबात औषधाचं प्रमाण झपाट्याने वाढतं आणि काही वेळ ते अतिसंपृक्त अवस्थेत जातं. त्या काळात औषध त्वचेत जोराने शिरतं. पण सगळंच द्रावक उडून गेलं तर औषधाचे स्फटिक होतात, पावडरीसारखे वर बसतात आणि कपड्याला पुसले जातात. म्हणून चांगला फॉर्म्युला बनवणारा अल्कोहोलबरोबर न उडणारं काहीतरी ठेवतो, थोडं प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा पापुद्रा धरणारं पॉलिमर. टर्बिनाफिनच्या एकदाच लावायच्या द्रावणाचं रहस्य हेच आहे : अल्कोहोल उडतं, पापुद्रा राहतो, आणि एकदा लावल्यावर १३ दिवसांपर्यंत वरच्या थरात औषध सापडलेलं आहे. रुग्णाने लोशन लावून लगेच पँट चढवली तर हा सगळा हिशोब कापडाला जातो. पाच मिनिटं वारा लागू द्यायला सांगा.

तिसरी गोष्ट : काही द्रावकं स्वतः त्वचेत शिरून तिला बदलतात. इथेनॉल जास्त प्रमाणात असेल तर फटींमधली चरबी ओढून काढतं. ओलेइक अ‍ॅसिड त्या चरबीची घडी विस्कटतं, आणि प्रोपिलीन ग्लायकॉलबरोबर दिलं तर दोघांचा मिळून परिणाम वेगवेगळ्या परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त होतो. प्रोपिलीन ग्लायकॉल वरच्या थरात शिरून औषधाला तिथे विरघळायला जागा करून देतं. एवढंच नाही, त्याला स्वतःलाही बुरशीविरोधी गुण आहे. पाठीवरच्या शिब्यांसाठी नुसतं ५० टक्के प्रोपिलीन ग्लायकॉल पाण्यात मिसळून वापरल्याचे जुने यशस्वी अनुभव नोंदलेले आहेत. पण त्याची दुसरी बाजू तुम्ही दुकानदार म्हणून लक्षात ठेवाच : अमेरिकेतल्या संपर्क-अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साठी वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक पदार्थ म्हणून याचीच निवड केली होती. ‘औषध लागू पडलं नाही, उलट लाली वाढली’ असं म्हणत येणाऱ्यांमध्ये बेसच्या अ‍ॅलर्जीचे लोक असतात. त्यांना आणखी तीव्र औषध दिलं जातं आणि बऱ्याचदा त्यातही तोच बेस असतो.

या गटातलं मला सर्वांत शहाणं वाटणारं द्रावक म्हणजे डायइथिलीन ग्लायकॉल मोनोइथाइल ईथर. ते औषधाचा साठा त्वचेत वाढवतं, पण आरपार जाणं त्या प्रमाणात वाढवत नाही. गजकर्णाला हवं आहे ते नेमकं हेच. बी.फार्म.च्या प्रोजेक्टमध्ये विद्यार्थी डुकराच्या कानाची त्वचा फ्रान्झ सेल नावाच्या दोन कप्प्यांच्या काचेच्या भांड्यात मध्ये ताणतात, खालच्या भांड्यात किती औषध उतरलं ते मोजतात आणि सर्वांत जास्त उतरवणाऱ्या जेलला पहिला नंबर देतात. वेदनाशामकासाठी हे बरोबर. बुरशीच्या औषधासाठी मी उलट बघेन : चिकटपट्टीने वरचा थर एकेक पापुद्रा काढून त्यात किती औषध सापडलं, आणि खालच्या भांड्यात किती कमी गेलं. तुमच्याकडे कंपनीचा प्रतिनिधी ‘आमच्या जेलचं पेनिट्रेशन दुप्पट’ म्हणत आला तर एकच विचारा, कुठपर्यंतचं पेनिट्रेशन?

आणि पाणी विसरू नका. त्वचेची वाट मोकळी करणारं सर्वांत मोठं द्रावक पाणीच आहे. वरचा थर भिजून फुगला की त्यातून सगळंच जास्त जातं. पेट्रोलियम जेलीचं मलम स्वतः फारसं काही करत नाही, ते घाम आणि बाष्प अडवून त्वचेला तिच्याच पाण्यात भिजवतं. भेगाळलेल्या कोरड्या टाचेला हे वरदान आहे. पण पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या बाजूला पावसाळ्यात भातखाचरात दिवसभर उभं राहणाऱ्याच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असतात. तिथली त्वचा आधीच पांढरी, भिजलेली, सुटलेली. त्यावर मलम थापलं की आणखी कुजते. तिथे बोटं कोरडी करून हलकं क्रीम किंवा लोशन, आणि लोशनमध्ये अल्कोहोल असेल तर चिरलेल्या जागी आग होणार हे आधी सांगून. फवारणीच्या दिवसांत रबरी बूट घालणाऱ्यांचंही हेच. बूट काढल्यावर अर्धा तास पाय उघडे राहू देणं हे कोणत्याही ट्यूबइतकंच महत्त्वाचं.

आता डीएमएसओ. १९६० च्या दशकात अमेरिकेत त्याचा फार बोलबाला झाला. बोटाला लावलं तर थोड्या वेळात तोंडात लसणासारखी चव येते, इतक्या झपाट्याने ते शरीरात पसरतं. प्राण्यांच्या डोळ्यांतल्या भिंगात बदल दिसल्यावर १९६५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने माणसांवरच्या चाचण्या थांबवल्या. पुढे १९७८ मध्ये मूत्राशयाच्या एका दुखण्यासाठी त्याला मान्यता मिळाली आणि काही वेदनाशामक द्रावणांत ते आजही आहे. म्हणजे ते विष आहे असं नाही. पण त्वचेची वाट मोकळी करायचं काम ते नीट करतं साधारण ६० टक्क्यांच्या पुढे, आणि त्याच प्रमाणात गांधी, आग, सूज येते. क्रीममध्ये दहा थेंब टाकणाऱ्याला ना तो फायदा मिळतो, ना धोका टळतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की डीएमएसओ निवड करत नाही. त्वचेवर जे काही लहान रेणूचं असेल ते सगळं सोबत घेऊन जातं. सकाळी बागेत फवारणी, हातापायांवर कीटकनाशकाचा अंश, आणि संध्याकाळी त्याच अंगावर डीएमएसओ. ऑनलाइन मिळणारा माल पुष्कळदा औद्योगिक प्रतीचा असतो, त्यातली अशुद्धीही बरोबर जाते. यावर माझं मत ठाम आहे : तुमच्या दुकानातून हे जाऊ देऊ नका, आणि कोणी विचारलं तर स्पष्ट ‘नको’ म्हणा.

स्पिरिट मिसळणं कमी धोक्याचं, पण तितकंच निरर्थक. क्रीम म्हणजे तेल आणि पाणी यांचं जमवून आणलेलं मिश्रण. त्यात स्पिरिट ओतलं की ते फाटतं, औषध कुठे गोळा होतं, कुठे नसतंच. टिकाऊपणाचे घटकही पातळ होतात. क्रीमच्या आधी स्पिरिटने जागा पुसणंही नको. त्वचेची उरलीसुरली चरबी जाते, खाज वाढते. रॉकेल लावून भाजल्यासारखे फोड आलेले लोक आजही येतात. त्यांना रागावून उपयोग नाही. खाज रात्रभर झोपू देत नाही तेव्हा माणूस काहीही लावतो.

खोल जाण्याच्या वेडाचा सर्वांत मोठा तोटा मात्र स्टिरॉइड मिसळलेल्या ट्यूबमध्ये दिसतो. औषध कुठून किती आत जातं हे जागेवर अवलंबून असतं. फेल्डमन आणि मायबॅक यांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडवर मोजलं : कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूला १ धरलं तर तळपायाला ०.१४, काखेत ३.६, जबड्यावर १३ आणि अंडकोषावर ४२ पट. जांघेतलं गजकर्ण नेमकं याच शेजारी असतं. शिवाय द्रावक स्टिरॉइडची ताकद बदलतं. बीटामेथासोन डायप्रोपिओनेट तेच, टक्का तोच, पण प्रोपिलीन ग्लायकॉल जास्त असलेल्या सुधारित बेसमध्ये घातलं की ते वरच्या वर्गाचं, अतितीव्र स्टिरॉइड होतं. अशा बेसमधलं क्लोबेटासोल हे तीव्र स्टिरॉइड जांघेत महिनाभर लावलं की खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मोकाट पसरते, आणि त्वचेवर फाटल्यासारखे पांढरे-लाल पट्टे उठतात. ते पट्टे जात नाहीत. विशीतल्या पोरांच्या मांड्यांवर ते पाहताना फार वाईट वाटतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा लावायच्या स्टिरॉइडांना शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, घातलं. चिठ्ठीशिवाय ती ट्यूब न देणं तुमच्या हातात आहे, आणि ते मी लिहिलेल्या कोणत्याही चिठ्ठीपेक्षा जास्त लोकांना वाचवेल.

नखाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथे वरचं सगळं उलटं होतं म्हणून सांगतो. नखात चरबी जेमतेम १ टक्का किंवा त्याहून कमी. ते चरबीच्या भिंतीसारखं न वागता पाणी शोषणाऱ्या घट्ट जेलसारखं वागतं. त्वचेतून वाट काढून देणारी द्रावकं नखात फारशी चालत नाहीत. शुद्ध अल्कोहोलपेक्षा पाणी मिसळलेलं अल्कोहोल नखातून जास्त जातं, कारण पाण्याने नख फुगतं. म्हणून नखाला नेलपॉलिशसारख्या लावायच्या लॅकरमध्ये युक्ती वेगळी असते : सायक्लोपिरॉक्सचं ८ टक्के लॅकर लावलं की द्रावक उडून मागे राहिलेल्या थरात औषध जवळपास ३५ टक्के होतं. तो थर नखाला धरून राहतो आणि हळूहळू औषध सोडतो. जाड नख आधी ४० टक्के युरियाने मऊ करून खरवडलं तर फरक पडतो. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम १ मिलीमीटर वाढतं, त्यामुळे निरोगी नख पूर्ण यायला वर्ष, कधी दीड वर्ष जातं. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण दोन महिन्यांत बाटली टाकून देतो.

काउंटरवर उपयोगी पडेल असं : उघड्या, कोरड्या त्वचेवरच्या चट्ट्याला क्रीम. केसाळ छाती-पाठीला लोशन, जेल किंवा स्प्रे. जाड टाचेला मलम, हवं तर युरिया किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिडची जोड. ६ टक्के बेंझोइक आणि ३ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं जुनं व्हिटफिल्ड मलम अजूनही टाकाऊ नाही, फक्त जांघेत आणि लहान मुलांना नको. बोटाच्या टोकावर एका पेराएवढं क्रीम म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, ते दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटर लावायचं आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. फवारणीला जायच्या लगेच आधी अल्कोहोल किंवा ग्लायकॉलचं लोशन लावू नये असं मी बागायतदारांना आवर्जून सांगतो. ज्या वाटेने औषध जातं तिने कीटकनाशकही जाऊ शकतं. घरी येऊन साबणाने अंघोळ, अंग कोरडं, मग औषध.

एक मर्यादा मात्र कोणतंही द्रावक ओलांडू शकत नाही. गेली काही वर्षं भारतात ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी पसरली आहे. तिच्या अनेक वाणांत टर्बिनाफिन ज्या विकराला धरतं, त्या स्क्वॅलिन इपॉक्सिडेजमध्येच बदल झालेला आहे. औषध अगदी योग्य जागी पोहोचलं तरी तिथे त्याची पकड बसत नाही. घरात दोन-तीन जणांना आहे, नीट लावूनही महिन्यात कमी नाही, चेहऱ्यावर किंवा डोक्यात आहे, किंवा अंगभर पसरलंय, असं असेल तर चौथी ट्यूब देऊ नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा. तिथे खरवड तपासून पोटातून औषध द्यावं लागतं. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही दाखवता येतं.

बेस ओळखायचा कसा, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे ट्यूबवर बहुतेक वेळा ‘क्रीम बेस क्यू.एस.’ (म्हणजे ‘लागेल तेवढा’) एवढंच छापलेलं असतं, आत ग्लायकॉल किती, अल्कोहोल किती, काही कळत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. प्रतिनिधीकडे घटकांची यादी लेखी मागा, दुकानदारांनी सारखी मागितली तर ती मिळायला लागते. आणि एखाद्या ट्यूबने आग-लाली झाली तर ब्रँड, बॅच नंबर आणि कुठे लावलं ते टिपून ठेवा. भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाचा प्रतिकूल परिणामांचा फॉर्म औषधविक्रेत्यालाही भरता येतो, त्यासाठी डॉक्टरच असावं लागतं असं नाही.